टायरवर छापलेला दाब आणि प्रत्यक्षात भरायचा दाब

प्रश्न :
माझ्या सायकलला ७०० बाय ३५चे (म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद) टायर आहेत आणि त्यांच्या बाजूवर ‘कमाल ८५ पीएसआय’ (पौंड प्रति चौरस इंच) असे छापलेले आहे. आजवर दोन्ही चाकांत मी तेवढीच हवा भरत आलो. सायकल त्यामुळे हलकी पळते असे वाटते, मात्र रस्ता जरा खडबडीत लागला की हात बधिर होतात आणि खडीवर मागचे चाक उसळते. हवा कमी केली तर सायकल जड होईल आणि पंक्चर वाढतील, अशी धास्ती वाटते. माझे वजन ७८ किलो, तर सायकल व सामान मिळून १४ किलो आहे. दाब किती ठेवावा आणि तो कसा ठरवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
छापलेला आकडा ही टायरची वरची मर्यादा आहे. ५५ किलोचा स्वार आणि ९५ किलोचा स्वार या दोघांनाही एकच दाब मानवेल, हे शक्य नाही. योग्य दाब मुख्यतः चाकावर पडणारा भार आणि टायरची रुंदी यांवर ठरतो. टायरच्या कापडावरचा ताण हा आतला दाब आणि टायरच्या काटछेदाची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. त्यामुळे २५ मिलिमीटरच्या टायरला जो दाब साजेसा असतो, तोच ३५च्या टायरमध्ये भरला की टायर दगडासारखा टणक होतो. आपली नेमकी तक्रार हीच आहे.

एकूण ९२ किलोंपैकी साधारण ५५ ते ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा भरण्याचे कारणच नाही. मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन पीएसआयने खाली-वर करून पाहावे. वळणावर टायर कलंडल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिम आपटली, तर दाब फार उतरला असे समजावे. रिमवर वेगळी मर्यादा छापलेली असल्यास दोन्हींपैकी कमी आकडा पाळणे बंधनकारक आहे.

प्रतिसाद २ :
सायकल जड होण्याच्या भीतीबद्दल थोडे लिहितो, कारण हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर दाब वाढवला की टायर कमी दबतो आणि ऊर्जेचा अपव्यय कमी होतो, हे खरेच आहे. पण खडबडीत रस्त्यावर टणक टायर बारीक खडा गिळत नाही. तो सायकलीसह स्वाराला वर उचलतो आणि ती ऊर्जा आपल्या स्नायूंत विरून जाते. कडक टायरची थरथर वेगाचा आभास निर्माण करते, एवढेच. खात्री करून घ्यायची असेल, तर एखाद्या सौम्य उतारावरून पायडल न मारता, एकाच जागेपासून आणि एकाच बैठकीत, वेगवेगळ्या दाबांवर सायकल सोडून ती कुठवर जाते ते पाहावे. वारा मात्र पडलेला असावा.

प्रतिसाद ३ :
आकड्यांपेक्षा टायर किती दबतो हे मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते. अमेरिकन अभियंते व लेखक फ्रँक बर्टो यांनी सुचवल्याप्रमाणे, स्वार बसल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के कमी व्हावी. आपल्या टायरसाठी हे अंतर ५ मिलिमीटरच्या आसपास येते. भिंतीला हात टेकून नेहमीच्या बैठकीत बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायला सांगावे. रिकाम्या सायकलीवरच्या मापाशी ते ताडून पाहावे. ज्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये आत रबरी नळी असते, त्यांच्यावर गेज (दाबमापक) खरा दाब दाखवत नाही. तिथे तर ही पद्धत फारच उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. पंक्चरचा मुद्दा तेवढा राहिला. शिवाय हवा किती दिवसांनी तपासावी?

प्रतिसाद १ :
पंक्चर झालेली ट्यूब नीट पाहावी. शेजारी-शेजारी दोन समांतर चिरा असतील, तर टायर रिमपर्यंत दबून ट्यूब मध्ये चिमटली गेली आहे. अशा वेळी दाब चार-पाच पीएसआयने वाढवावा. एकच छिद्र असेल, तर तो काटा किंवा काच. त्याला अधिक हवा भरणे हा उपाय नव्हे, उलट ताणलेल्या टायरमध्ये टोकदार वस्तू सहज घुसते.

साध्या ब्यूटाइल (कृत्रिम रबराच्या) ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपतच असते, म्हणून आठवड्यातून एकदा दाब तपासावा; लॅटेक्स (नैसर्गिक रबराची) ट्यूब असल्यास प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी. उन्हाची फार चिंता करू नये, कारण तापमान १० अंशांनी वाढले तरी ५५ पीएसआयवर जेमतेम दोन-अडीचचा फरक पडतो. त्याहून मोठा फरक दोन गेजांमध्ये असू शकतो, तेव्हा कायम एकच गेज वापरावा आणि त्यावर जुळलेला आकडा लिहून ठेवावा. पंपाचे तोंड काढताना होणारा फुस्स आवाज बहुधा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. तेवढ्यासाठी जास्तीची हवा भरू नये.