सोसायटीतली एकदांडी उपटायची की ठेवायची?

घोडबंदरकर (धागाकर्ता):
आमच्या कमिटीने काल ग्रुपवर टाकलंय की रविवारी पाण्याच्या टाकीमागचं सगळं रान साफ करून तणनाशक मारणार आणि मग तिथे लॉन लावणार. त्या जागेत निम्म्याहून जास्त एकदांडी आहे, कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. जमिनीलगत पसरलेली, खरखरीत केसाळ पानं, आणि वर वीतभर दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं आणि कडेला पाचेक पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. सूर्यफुलाच्या कुळातली आहे, म्हणजे ती एकेक पाकळी खरं तर एक स्वतंत्र फूल आणि मधल्या पिवळ्या गोळ्यातही ढीगभर बारकी फुलं. म्हणूनच फुलपाखरू एका दांड्यावर बसून जागच्या जागी सोंड फिरवत राहतं, त्याला हलावंच लागत नाही. आज सकाळी नऊच्या उन्हात मुलीबरोबर तिथे उभा होतो, एक पिवळं छोटं ग्रास यलो बसलं आणि तेवढ्याशा वजनाने दांडा वाकला, ते उडालं की परत सरळ. बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, हा एवढाच तुकडा उरलाय. माझं म्हणणं, ठेवा.

कळवेकर७२:
काँग्रेस गवतच ना हे? त्याने अंगाला खाज सुटते, माझ्या वडिलांना दमा आहे. काढलंच पाहिजे.

घोडबंदरकर:
नाही काका, ते वेगळं, कूळ एकच आहे म्हणून घोळ होतो. काँग्रेस गवताची पानं गाजरासारखी कातरलेली आणि बारकी पांढरी फुलं झुपक्याने येतात. ते दिसलं तर मीसुद्धा हातमोजे घालून फुलायच्या आधी मुळासकट काढतो.

येऊरवाला:
धागाकर्त्याची तळमळ कळते पण मी सहमत नाही. एकदांडी आपली नाहीच, मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, खोडाला पेरापेराशी मुळं फुटतात, बारमाही आहे, एकदा घुसली की जात नाही. येऊरच्या जंगलात पावसाळ्यात सोनकी फुलते, तीही याच कुळातली आणि अस्सल सह्याद्रीची, तिच्यासाठी कोण भांडतंय? आणि फुलपाखरांचं म्हणाल तर एकदांडी म्हणजे नुसती खानावळ, बाळंतपण दुसरीकडेच. अळीला खायला टाकळा लागतो, रुई लागते, कढीलिंब, लिंबू, पानफुटी लागते. ठाण्याच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात फुलपाखरं का दिसतात? तिथे अळ्यांची झाडं मुद्दाम लावलीत. तुम्ही ती जागा साफ करा आणि हे लावा.

नेरूळची_ताई:
येऊरवाले, पटलं, पण साफ करून तिथे टाकळा लावणार नाहीयेत हो, लॉन लावणार आहेत! लॉनवर ना खानावळ ना बाळंतपण. आमच्याकडे नेरूळला तर रस्त्याच्या डिव्हायडरवर पिवळ्या फुलाची वेडेलिया नर्सरीतून विकत आणून लावलीये, ती पण याच कुळातली, तीही बाहेरचीच, आणि जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. एकदांडी त्या यादीत नाही. विकत आणलेली ती शोभेची आणि फुकट आलेली ही तण, हा न्याय मला कळत नाही.

आजीचा_बटवा:
लहानपणी गुडघा फुटला की आजी हाच पाला दोन तळव्यांत चुरून रस पिळायची, रक्त थांबायचं. आता मुलांना झाडच माहीत नाही. ठेवा प्लीज.

डॉ_खारघर:
आठवण छान आहे पण सोसायटीतला पाला जखमेवर लावू नका. त्यावर माती असते, कुत्र्यामांजरांची घाण असते. साबण-पाण्याने धुवा, गरज असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. झाड ठेवायला माझी हरकत नाही, पण औषधी आहे म्हणून ठेवा हे कारण देऊ नका.

कमिटीमेंबर_ठाणे:
मी दुसऱ्या सोसायटीत कमिटीवर आहे म्हणून बोलतो. आमच्याकडे गेल्या वर्षी वाढलेल्या गवतात घोणस निघाली, बाजूलाच मुलं खेळत होती. शिव्या कोणाला बसल्या? आम्हाला. फुलपाखरं बघणारे तेव्हा कुठे होते?

घोडबंदरकर:
तुमचा मुद्दा खरा आहे, तुमच्या जागी मी असतो तर मलाही घाम फुटला असता. पण एकदांडी स्वतः घोट्याएवढीच, साप लपतो तो तिच्यात उभ्या राहिलेल्या गुडघाभर गवतात आणि राडारोड्यात. ते काढा ना, मी स्वतः विळा घेऊन येतो.

नेरूळची_ताई:
आणि तणनाशक कुठलं ते विचारा. ग्लायफोसेट असेल तर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढलीये, ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं. माळीकाकांच्या हातात पंप देऊन चालणार नाही, त्यांच्या अंगावर मास्क नाही की बूट नाही.

येऊरवाला:
तणनाशकाला माझाही विरोध, हे लिहायचं राहिलं. एकदांडी उपटायची तर हातानेच, पावसानंतर माती ओली असते तेव्हा अख्खी निघते.

घोडबंदरकर:
आत्ता सेक्रेटरींशी बोललो. फवारणी रद्द, उंच गवत आणि राडारोडा रविवारी आम्ही पाच-सहा जण काढतोय. टाकी ते कंपाउंड वॉल एवढी पट्टी दिवाळीपर्यंत तशीच राहील. येऊरवाले, तुमचं ऐकून कडेला रुई आणि टाकळा लावतोय, टाकळ्याच्या पिकलेल्या शेंगा येऊरला मिळतील का? रविवारी सकाळी सातला येऊन घेऊन जातो.

येऊरवाला:
मिळतील. गेटपाशी थांबतो.