गावातल्या माजी सैनिकांसाठी आठवड्यातून एक दिवस बसायचं ठरवलंय, सुरुवात कशी करू?

खटावची_सेवाकेंद्रवाली

नमस्कार. खटाव तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीचं सेवा केंद्र चालवते. उतारे, दाखले, पीक विमा हे रोजचं काम. आमच्याकडं घराआड एक फौजी. बरेचसे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, बाकी तोफखाना, इंजिनिअर्स, ए.एस.सी. (सैन्याचं रसद-वाहतूक दल). १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ग्रामपंचायत शाल-श्रीफळ देते. तो मान त्यांना मिळायलाच हवा. पण एरवी हीच माणसं माझ्या खिडकीशी कागद घेऊन उभी असतात आणि त्यातलं निम्मं मला कळत नाही, याचं फार वाईट वाटतं.

परवा वस्तीवरच्या एक आजी आल्या. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीत, एकाहत्तरला जमालपूरच्या लढाईत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आजींनी खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक काढून माझ्यापुढं ठेवलं. त्यात बायकोचं नाव माहेरचं आणि जन्मतारखेची जागा कोरी. आधारवर सासरचं नाव, तारीख १ जानेवारी १९४२. म्हणजे ऐंशी कधीच ओलांडली, पण पेन्शनमध्ये वयाची वाढ अजून लागलेली नाही. शिवाय ठसा उमटत नाही. जन्मभर खुरपं धरलेली बोटं, मशीनवर कितीही दाबली तरी तांबडा दिवाच लागतो. मागं एकदा हयातीचा दाखला पोचला नाही म्हणून पेन्शन थांबली, तेव्हा बँकेतून त्यांना "प्रयागराजला विचारा", म्हणजे तिथल्या फौजी पेन्शनच्या मुख्य ऑफिसला, एवढंच सांगितलं. वस्तीवरच्या एकट्या बाईनं प्रयागराजला कसं विचारायचं?

बुधवारी गावात बाजार असतो, वाड्यावस्त्यांवरची माणसं येतातच. त्या दिवशी दुपारनंतर फक्त फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी बसायचं ठरवलंय, पैसे न घेता. आजींचं काम आधी कुठं न्यावं? आणि या टेबलावर मला काय काय यायलाच हवं?

निवृत्त_सुभेदार_क्लार्क

ताई, जय हिंद. नोकरीतली बरीच वर्षं पलटणीच्या ऑफिसात याच कागदांत गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आजींचं काम रेकॉर्ड ऑफिसचं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. बँक किंवा स्पर्श (फौजी पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) नाव-तारीख स्वतःहून बदलू शकत नाही. मूळ नोंद पलटणीच्या कागदात आहे, ती दुरुस्त झाली की पुढचं सरळ होतं. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. वयासाठी आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, जे असेल ते जोडा, पण सगळ्यांवर तारीख एकच आहे ना हे आधी बघा. आधारवर एक आणि पॅनवर दुसरी असेल तर अर्ज फिरून परत येतो. पत्रात आजोबांचा आर्मी नंबर, हुद्दा आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर ठळक लिहा. आर्मी नंबर नसलेल्या पत्राचा तिथं कुणालाच काही करता येत नाही. आणि हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासोबत पाठवा, म्हणजे पाठपुराव्याला जागा राहते.

वाढ किती, तर ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. या वाढीवर महागाईही मिळते. आजींना ८० पूर्ण झाल्या महिन्यापासूनचा फरक मिळायला हवा, तो अर्जात स्पष्ट मागा. असल्या कोऱ्या रकान्यांमुळं किती म्हाताऱ्या बायका हक्काच्या पैशाविना गेल्या असतील, या विचारानं जीव तुटतो.

हयातीच्या दाखल्याला ठसा लागलाच पाहिजे असं नाही. जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहरा दाखवून काम होतं, सोबत आधारचं फेस आरडी ॲप टाकून ठेवा. आजींना दारात उजेडाकडं तोंड करून बसवा आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. एक गोष्ट मात्र जपा. पैसे देणारी संस्था निवडताना बँकेचं नाव निवडू नका, 'स्पर्श - पीसीडीए (पेन्शन) अलाहाबाद' निवडा, तेच ते प्रयागराजचं ऑफिस. बँक निवडली की दाखला तयार होतो, पावती निघते, आणि स्पर्शला तो पोचतच नाही. पुष्कळांची पेन्शन इथंच अडकते. ८० च्या वरच्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासून घेतात, त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत आणू नका.

माणदेशची_लेक

माझे वडील हवालदार होते, आता अंथरुणाला खिळलेत. तुमच्या टेबलावर ई.सी.एच.एस.ची, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेची, माहिती पाहिजेच ताई. कार्ड घराघरात आहे, पण ते नुसतं कपाटात.

एक गोष्ट सगळ्या घरांत सांगा. एरवी योजनेच्या दवाखान्याचं, म्हणजे पॉलिक्लिनिकचं रेफरल (मोठ्या हॉस्पिटलला जायची चिठ्ठी) लागतं, पण जिवावर बेतलं असेल तर रेफरलसाठी थांबायचं नाही. योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलला कार्ड घेऊन थेट जायचं. ते लांब असेल तर जवळ जे असेल तिथं न्यायचं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. मग बिलाचे पैसे ठरलेल्या दरानं परत मागता येतात. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला ती रात्र होती, आणि शेजारचे आधी कागद करा म्हणत होते. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं.

पॉलिक्लिनिकचा नंबर आणि यादीतली जवळची हॉस्पिटलं मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक घरात फोनजवळ चिकटवा. आणि जमलं तर महिन्यातून एकदा गाडी करा. बी.पी.-शुगरच्या गोळ्यांसाठी वस्तीवरून साताऱ्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. एकट्या म्हाताऱ्याला ते झेपत नाही, मग गोळ्या बंद होतात.

नाईक_रिटायर्ड

वरचं सगळं बरोबर आहे. पण ताई, म्हाताऱ्यांसोबत आमच्याकडंही बघा.

मी अडतिसाव्या वर्षी पेन्शनवर आलो. तोवर कधी उठायचं, कुठं जायचं, काय घालायचं, सगळं पलटण ठरवायची. गावात आलो तर शेत भावाच्या अंगवळणी पडलेलं, पोरं मला पाहुण्यासारखी बघायची. फंड आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतात ते) पैसे आले तसे उसने मागणारे आले. नाही म्हणता येत नाही, कारण वर्षानुवर्षं सुट्टीवर आलेला फौजी म्हणजे हात सैल सोडणारा, अशीच ओळख झालेली असते. पहिलं वर्षभर रात्री झोप नसायची. मी प्यायला लागलो होतो. एका जुन्या उस्तादांनी रोज पहाटे भरतीच्या पोरांना पळवायला मैदानावर यायला लावलं, त्यानं मी सावरलो.

म्हणून सांगतो, त्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या आणि चहा ठेवा. कागद नसला तरी माणूस येऊन बसेल. तिथं एखादा गप्प गप्प दिसला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर द्या. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. फौजी "मला त्रास होतोय" असं तोंडानं म्हणत नाही. "झोप लागत नाही" एवढं म्हणाला तरी समजून घ्या.

आणखी एक. पेन्शन न बसताच घरी आलेलेही गावात असतात, ते अशा कार्यक्रमांना येतच नाहीत. लाजतात. ६५ च्या वरच्या, नियमित उत्पन्न नसलेल्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दर महिन्याला मदत मिळते. पूर्वी ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,०००. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. त्यांच्या घरी तुम्ही स्वतः जा.

खटावची_सेवाकेंद्रवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदारसाहेब, आजींना बोलावून घेतलं. पॅनवर आणि आधारवर तारीख एकच निघाली, फक्त पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते आधी दुरुस्त करायला टाकते. चेहऱ्याचं ॲप त्यांच्यावर करून बघितलं, दुसऱ्या खेपेला झालं. आजी मला म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय गं?"

नाईकदादा, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. पेन्शन नसलेले आमच्या गावात दोघं आहेत, एक जण दुसऱ्याच्या रानात राखणीला असतात. रविवारी सरपंचांना घेऊन त्यांच्याकडं जाणार. खुर्च्या ठेवल्यात.

घरपट्टी माफीचं कुणाला माहीत आहे का? २०२० ची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व सैनिक विधवा सन्मान योजना आहे, राहत्या एका घराची पट्टी माफ. माझ्याच ग्रामपंचायतीचं रजिस्टर काढलं तर बऱ्याच फौजींच्या नावापुढं अजून आकारणी दिसतेय.

आणि ओटीपीचं काय करायचं? आजींच्या पेन्शनला जोडलेला मोबाईल मुंबईच्या नातवाकडं आहे.

निवृत्त_सुभेदार_क्लार्क

घरपट्टीसाठी सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र आणि घराच्या मालकीचा उतारा ग्रामसेवकांकडं द्या. रजिस्टर तुमच्या हाताशी आहे, तर यादी तुम्हीच करा. लोक अर्ज घेऊन येतील याची वाट बघू नका.

मोबाईल बदलून घ्या. आजींच्या घरात रोज जो असतो त्याचा नंबर टाका. आणि बुधवारी येईल त्या प्रत्येकाला बजावा, पेन्शन ऑफिसातून बोलतोय म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, फोन ठेवायचा आणि तुमच्याकडं यायचं.

बेळगावचं पत्र लिहिलंत की पाठवण्याआधी त्याचा फोटो इथं टाका, पण आजींचं नाव आणि नंबर झाकून. मी बघतो.