नायट्रोजन की साधी हवा? खान्देशच्या उन्हाळ्यासाठी गाडीच्या टायरमध्ये काय भरावं

धुळेकर_चारचाकी
एप्रिल लागला की हा वाद निघतोच. माझं मत: नायट्रोजनला दिलेले पैसे वाया. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आपण विकत घेतो ते वरचे पंधरा-सतरा टक्के. ‘नायट्रोजन तापून फुगत नाही’ हे तर साफ खोटं. सकाळी २८ अंशांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा, आतला वायू ६८ अंशांवर गेला की काटा ३९ वर जाणार, आत काहीही भरलेलं असो.

तापीकाठ
भाऊ, हा हिशेब कोरड्या हवेचा झाला. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर बघा, टाकीच्या तळाचा कॉक महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. पावसाळ्यात तिथं साचलेलं पाणी पाइपातून टायरमध्ये उतरतं. ३० लिटरच्या टायरमध्ये साडेपाच मिली, म्हणजे चहाचा चमचाभर पाणी गेलं, तर ६८ अंशांना त्याची वाफ होऊन तुमचे ३९ चे जवळपास ४३ होतात. नायट्रोजनच्या मशीनमधून येणारा वायू कोरडा असतो, खरा फायदा तोच. शिवाय तो रबरातून सावकाश झिरपतो. अमेरिकेतल्या ‘कंझ्युमर रिपोर्ट्स’ने ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआय भरून वर्षभर ठेवले होते. हवेचे सरासरी ३.५ उतरले, नायट्रोजनचे २.२.

धुळेकर_चारचाकी
वर्षाला १.३ चा फरक! पंपावरच्या गेजची चूकच त्याहून मोठी निघते. पाण्याचा मुद्दा मान्य, पण त्याला नायट्रोजन कशाला? पाइपाची पिन दाबून दोन सेकंद हवा कोऱ्या कागदावर सोडा. ओले ठिपके पडले की दुसरं दुकान गाठा.

सावदा_टायर
दोघंही एक गोष्ट सोडून राहिले भो. दुकानात ‘नायट्रोजन भरला’ म्हणतात तेव्हा आत जातं काय? हवा पूर्ण सोडली तरी टायरमध्ये वातावरणाच्या दाबाची हवा उरतेच. त्यावर मशीनचा ९५ टक्केवाला वायू ३२ पीएसआयपर्यंत भरला, तर आत होतो सुमारे ९० टक्के. पुन्हा सोडून पुन्हा भरला तर ९३. आणि २८ वर आलेल्या हवेच्या टायरला नुसता टॉप-अप मारला, तर ७८ चे साडेएकोणऐंशी! व्हॉल्व्हवर नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपी बसते, बाकी काही नाही. दोनदा रिकामं करून भरणार असतील तरच पैसे द्या.
हवा वारंवार उतरत असेल तर वायू बदलून उपयोग नाही. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडा पिनेतून आला तर पिन घट्ट करा किंवा बदला, बुडाशी आला तर अख्खा व्हॉल्व्ह. रिमच्या कडेनं फेस आला तर टायर उतरवून तिथला गंज घासावा लागतो.

नवा_सदस्य_नंदुरबार
मग विमानात नायट्रोजन का भरतात?

तापीकाठ
आगीच्या भीतीनं. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत एका बोइंग ७२७ चा ब्रेक तापून हवा भरलेला टायर फुटला, आग लागली, १६७ जण गेले. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आला. आपल्या गाडीचा ब्रेक तेवढा तापत नाही, हे मीही मानतो.

धुळेकर_चारचाकी
इथली मोठी चूक वेगळीच आहे. भर दुपारी सुरत–नागपूर हायवेवर काटा ३९ दिसला की लोक घाबरून ३३ वर आणतात. रात्री टायर थंड झाला की उरतात २८ च्या आसपास. पुढच्या सकाळी पाच माणसं आणि सामान घेऊन निघालं की टायरच्या कडा जास्त दुमडतात, त्या दुमडण्यानंच उष्णता वाढते, आणि टायर फुटतो तो त्यामुळे. गाडी तीन तास उभी असताना मोजा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असेल तेवढीच हवा ठेवा, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही.

तापीकाठ
एवढं सगळं पंधरा दिवसांनी करणारा माणूस असेल तर साधी हवाच भरावी. करणारे किती, ते तुम्हीच सांगा. महिनाभर दारात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी नायट्रोजनच सुचवेन.

सावदा_टायर
आणि स्टेपनीला? तिच्याकडे तर पंक्चर होईपर्यंत कोणी बघत नाही. तिच्यात काहीही भरा, पण स्टिकरवरचा सगळ्यात मोठा आकडा धरून भरा.