तांबटाचा रंग उडाला म्हणून चेरी तोडायची?

मुलुंडची_गच्ची
दोन दिवस एक पोस्ट व्हॉट्सॲपवर फिरतेय. कपाळावर लाल टिळा नसलेला, मळकट हिरवा तांबट, आणि खाली मजकूर: परदेशी झाडांची फळं खाऊन आपल्या पक्ष्यांचे रंग उडताहेत, अमेरिकेत सिद्ध झालंय, सोसायटीतली सिंगापूर चेरी तोडा. आमच्या कमिटीने हा विषय रविवारच्या बैठकीत घेतलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो फोटो पिल्लाचा आहे. ढोलीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तांबटाला कपाळावर आणि छातीवर लाल नसतंच, ते नंतर येतं. आणि अमेरिकेत घडलं ते नेमकं उलट. तिथल्या सीडर वॅक्सविंगच्या शेपटीच्या टोकाला पिवळी पट्टी असते. १९६०च्या दशकापासून ईशान्येकडे नारिंगी पट्टीचे पक्षी दिसायला लागले. कारण निघालं आशियातून बागांसाठी नेलेलं हनीसकल नावाचं झुडूप. त्याच्या फळांत रोडोझँथिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. पीस उगवत असतानाच ती फळं पोटात गेली, तर रंग पिसात उतरतो. एकदा पीस पूर्ण वाढलं की काहीही खा, त्यात नवा रंग शिरत नाही. म्हणजे तिथे रंग चढला, उडाला नाही. आपल्या चेरीने तांबट फिका पडतो, हे कुठून काढलं?

खाडीकाठ
फोटोचं मान्य. पण रंग चढला म्हणजे सगळं आलबेल, असं सुचवताय ते पटलं नाही. तिथल्याच फ्लिकर नावाच्या सुतार पक्ष्याचं उदाहरण का गाळलंत? पूर्वेकडच्या पिवळ्या पंखांच्या फ्लिकरमध्ये मधूनच लाल पिसं दिसायची. पश्चिमेकडच्या लाल फ्लिकरशी संकर झालाय, असं कित्येक वर्षं धरून चालले होते. २०१६ साली पिसांतली रंगद्रव्यं तपासली, तर तेच रोडोझँथिन. जाणकार फसले, तर मादी कशावरून फसणार नाही? हाउस फिंच या पक्ष्याची मादी जास्त लाल नर पसंत करते, कारण तो लाल रंग खाण्यातून मिळवावा लागतो. बागेतल्या झुडपाने तोच रंग फुकट वाटला, तर तिने नर पारखायचा कशावरून?

आणि परदेशी झाडांचं कौतुक पुरे झालं. नॅशनल पार्कात टणटणी कशी माजलीय, ते जाऊन बघा. वीस वर्षं बघतोय मी.

वठलेली_फांदी
रंगाचं नंतर बघा, आधी तांबट राहू द्या. मुंबईचा शहरपक्षी म्हणून मिरवतो ना आपण? आमच्या इमारतीमागे शेवग्याची एक वठलेली फांदी होती. खालच्या अंगाला रुपयाएवढं भोक, त्यातून तांबटाची मान दिसायची. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून कंत्राटदाराचा माणूस आला आणि आधी तीच कापली, "सुकी आहे" म्हणून. मी खाली धावलो तोवर ओंडका दोन तुकड्यांत पडला होता. आत भुसा, उंबराच्या बिया आणि तीन पिल्लं, डोळे न उघडलेली. नर-मादी संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत होते. देशी झाड होतं ते.

कमिटीतला_एक
वाईट झालं. पण सुकी फांदी पार्क केलेल्या गाडीवर किंवा पोराच्या डोक्यावर पडली, तर पक्षिप्रेमी भरपाई देणार का? गेल्या जुलैत आमच्याकडे पडली, वॉचमनचा खांदा निखळला. शिव्या कमिटीलाच.

वठलेली_फांदी
पडण्यासारखी फांदी कापा की! पण ढोली आहे का, हे वर बघायला दोन मिनिटं लागतात. आणि छाटणी मेमध्येच का? तांबटाची वीण जानेवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. नोव्हेंबरात करा. दरवर्षी अर्ज देतो, दरवर्षी "बघू".

कमिटीतला_एक
नोव्हेंबरात छाटलं तर मेपर्यंत पुन्हा वाढतं. दोनदा पैसे कोण देणार? तुम्ही एजीएमला या आणि बोला, इथे नको.

पाणथळ
छाटणीवर वेगळा धागा काढा. मूळ मुद्दा: कावळ्याचा काळा रंग त्याचं शरीर स्वतः बनवतं. पोपटाची लाल-पिवळी द्रव्यंही घरचीच, खाण्यातली नव्हेत. उलट ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) गुलाबी रंग शेवाळातून आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतून येतो. पिल्लं राखाडी असतात, गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं जातात. 'परदेशी फळ खाल्लं की रंग बिघडतो' असा सरसकट नियमच नाही. कुठलं द्रव्य, कुठला पक्षी, पिसं कधी गळतात, सगळं जुळावं लागतं.

मुलुंडची_गच्ची
@खाडीकाठ, फ्लिकरचं खरं आहे, मी लिहायला हवं होतं. मादीच्या पसंतीचा मुद्दाही सोडण्यासारखा नाही, एवढं मानतो. पण ते सगळं एका झुडपाच्या एका द्रव्याबद्दल आहे. त्यावरून आमच्या गेटजवळच्या चेरीला फाशी देता येत नाही. सकाळी सहाला त्या झाडावर बुलबुल, तांबट आणि शिंजिर एकाच वेळी असतात. मी रोज बघतो.

खाडीकाठ
ठीक आहे, रंगाच्या कारणाने तोडू नका. बैठकीत माझ्याकडूनही तसंच सांगा. पण पुढचं झाड लावाल ते उंबर लावा, चेरीची रांग नको.

कमिटीतला_एक
उंबराची मुळं कंपाउंडच्या भिंतीत शिरतात. जागा कुठली, ते आधी सांगा.

वठलेली_फांदी
मागच्या गल्लीत, जिथे शेवगा होता तिथे. भिंतीपासून लांब आहे, मी मोजून देतो.