मदत हवी आहे: बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखणारं शिबिर शाळेत येतंय

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो, लेक तिसरीत आहे. शाळेत शनिवारी डीएमआयटी (बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगण्याचा दावा करणारी चाचणी) शिबिर आहे. दहाही बोटांचे ठसे घेऊन मूल 'डाव्या मेंदूचं' की 'उजव्या', बघून शिकणारं की ऐकून, याचा रंगीत अहवाल देणार. जाऊबाईंनी पुतण्याचा अहवाल लॅमिनेट करून ठेवलाय! त्यात तो 'ऐकून शिकण्यात कच्चा' आहे. फ्रीज उघडल्याचा आवाज मात्र त्याला आतल्या खोलीत बरोबर ऐकू येतो.

ठशांच्या रेषा गर्भातच ठरतात, त्यावरून शिकण्याची पद्धत कळत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले. माणसं डाव्या-उजव्या मेंदूची असतात असं काही दिसलं नाही. 'ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवा' यालाही पुरेसा पुरावा नसल्याचं मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच मांडलं.

पालकसभेत हे बोललं की 'तुमची हुशार आहे, तुम्हाला काय' म्हणून वाटेला लावतात. बाई खासगीत मान डोलावतात, पण मुख्याध्यापकांपुढे गप्प.

कुणी असं शिबिर थांबवलंय का? अर्ज कुणाच्या नावे दिला, भाषा कशी ठेवली? मराठीत सोपी दोन पानी माहिती असेल तर प्लीज पाठवा, शुक्रवारच्या आत.