मदत हवी आहे: मानदुखीच्या पेशंटची लेझर टेस्ट, रीडिंग काहीच्या काही येतंय

चिंचबोर: एमपीटीच्या (फिजिओथेरपीतलं मास्टर्स) थिसिससाठी मानेच्या पोझिशन सेन्सची, म्हणजे न बघता मान कुठे आहे ते कळतं का याची टेस्ट घेतेय. हेडबँडवर लेझर, भिंतीवर टार्गेट, डोळे बंद, मान पूर्ण वळवायची आणि होती तिथे परत आणायची. ठिपका मधल्या खुणेपासून ७ सेंमीच्या पुढे गेला की बिघाड धरलाय. पण ज्यांची मान जन्मात दुखली नाही तेही नापास होतायत!! रूममेटचे ९ आले. सोमवारी गाईडना दाखवायचंय, कोणी केलं असेल तर पटकन सांगा प्लीज

खडूसकाका: उशी काढून टाका. मी काढली, तेव्हापासून मान कशी असते तेच विसरलो.

चिंचबोर: काका मला काही झालेलं नाहीये, पेशंटचं विचारतेय

घाटमाथा: भिंत किती लांब आहे?

चिंचबोर: नेहमीचंच अंतर हो. लेझरच खराब असेल का?

घाटमाथा: नेहमीचं म्हणजे? टेप लाव आणि सांग. ते ७ सेंमी ९० सेंमी अंतरासाठी आहेत. मूळ हद्द साडेचार अंशांची, रेव्हेल आणि मंडळींच्या १९९१ च्या पेपरातली.

चिंचबोर: दीड मीटर निघालं. मध्ये ट्रॅक्शनचं टेबल आहे, ते कोणी हलवू देत नाही

घाटमाथा: मग झालं की. दीड मीटरवर साडेचार अंश म्हणजे जवळजवळ १२ सेंमी. रूममेटचे ९ म्हणजे साडेतीन अंशसुद्धा नाहीत, धडधाकट आहे ती. टेबल राहू दे तिथेच, फक्त दर वेळी तेवढंच अंतर ठेव आणि सेंमीचे अंश करून लिही. चूक भागिले अंतर, त्याचा टॅन इन्व्हर्स.

सुपारी_कातर: एका पेशंटकडून किती वेळा करून घेता ते कोणी विचारलंच नाही. एकदा-दोनदा करून काही कळत नाही, प्रत्येक बाजूला निदान सहा वेळा तरी हवं. आणि सरासरी काढताना अधिक-उणे चिन्ह ठेवलंत तर एकदा ५ पुढे आणि एकदा ५ मागे गेलेला माणूस शून्य चुकीचा दिसेल, म्हणून चिन्ह काढून सरासरी घ्या. चिन्हासकट आकडे वेगळ्या कॉलमात ठेवा, मधली खूण ओलांडतो की अलीकडेच थांबतो ते त्यातून कळतं

घाटमाथा: सहा वेळा मान वळवून दुखणं वाढलं तर? दुखऱ्या माणसाला तीन पुरे.

सुपारी_कातर: तीनवर आकडा स्थिर होत नाही. मध्ये दम खाऊ द्या ना, घाई कसली

पायरी_आंबा: मुळात ही टेस्ट निव्वळ मानेची नाहीच. डोकं फिरलं की आतल्या कानालाही कळतं. फिरती खुर्ची घ्या, डोकं धरून ठेवा आणि खालून धड फिरवा, मग मानेचं मानेपुरतं दिसेल.

सुपारी_कातर: एथिक्स कमिटीने मंजूर केलेला प्रोटोकॉल अर्ध्यात बदलायचा? भले!! कवटीखालच्या छोट्या स्नायूंत स्पिंडल (स्नायू किती ताणला ते मेंदूला कळवणारे सेन्सर) ठासून भरलेत म्हणून तर ही टेस्ट घेतात. चक्करवाले पेशंट आधीच वगळा, संपलं. आणि हो, प्रत्येक वेळी "अगदी जवळ आलात" असं सांगत असाल तर बंद करा, पेशंट शिकतो त्यावरून

चिंचबोर: अय्या, मी शाबास म्हणते दर वेळी

मोगरा७: आईला स्कूटरच्या अपघातापासून मानदुखी आहे, चालताना झोकांड्या जातात. पट्टा लावतो. हीच टेस्ट करायची का?

पायरी_आंबा: आधी डॉक्टरांना दाखवा, टेस्ट नंतर. हात बधिर होत असतील किंवा पायातली ताकद कमी वाटत असेल तर आजच जा. मानेला झटका बसलेल्यांत ही चूक जास्त सापडते हे खरं, पण झोकांड्यांना इतरही कारणं असतात. पट्टा किती दिवस ठेवायचा तेही विचारा.

चिंचबोर: सगळं अंशांत केलं. रूममेट पास. पण आता मानदुखीवालेही काही जण पास होतायत, त्यांचं काय करू?

घाटमाथा: झाले तर झाले. मान दुखते त्या प्रत्येकाचा हा सेन्स बिघडलेला असतोच असं नाही. आलेत तसे आकडे लिही, आणि अंतर पद्धतीच्या भागात ठळक टाक, गाईड पहिलं तेच विचारतील.