हायपो की हायपर? तुमचे अनुभव लिहा

निमित्त माझ्या बाबांचं. नागपुरात मानेवाड्यात राहतो, बाबा इन्सुलिनवर आहेत. मे महिन्यातल्या दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. दादानं डॉक्टरांना फोन लावला. तिकडून ‘हायपो’ म्हणाले, म्हणजे साखर कमी झालीय, पण कूलरच्या घरघरीत दादानं ‘हायपर’ ऐकलं. साखर वाढली समजून त्यानं आईच्या हातातला साखरेच्या पाण्याचा ग्लास काढून घेतला. मशीनवर आकडा आला ५४! ७० च्या खाली म्हणजे साखर कमी. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा जिवात जीव आला. या शब्दांनी तुम्हाला कुठे अडवलं, ते उच्चारासकट लिहा.

महाल, निवृत्त संस्कृत शिक्षक
बेटा, हे शब्द ग्रीक असले तरी आपल्या नात्यातले आहेत. हायपो आणि आपला ‘उप’ एकाच मुळाचे, हायपर आणि ‘उपरि’ एकाच मुळाचे. उपप्राचार्य प्राचार्यांच्या खाली, तसा हायपो खालचा. आणि ‘उपरि’पासूनच मराठीत ‘वर’ आला. हायपरमधला ‘पर’ ऐकू आला की ‘वर’ आठवा.

मेडिकल चौक
मी सिस्टर आहे. फोनवर मी हायपो-हायपर म्हणतच नाही. ‘शुगर कमी आहे, ५४’ असं सांगते आणि समोरच्याकडून आकडा पुन्हा म्हणवून घेते. बीपीचंही तसंच, कारण हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शन घाईत सारखेच ऐकू येतात.

इतवारी
काटकोन त्रिकोणाच्या सर्वांत लांब बाजूला सातवीपर्यंत ‘कर्ण’ म्हणत होते. आठवीत सेमी इंग्रजी घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यासमोर ‘हायपोटेनस’ वाचलं. वर्ग हसला. घरी येऊन रडले, आईनं विचारलं, ‘काय झालं बाप्पा?’ सांगताही येईना. उच्चार आहे हायपॉटेन्यूज, जोर ‘पॉ’वर. मूळ अर्थ खाली ताणलेली, म्हणजे काटकोनाखाली ताणून धरलेली रेघ. आता शिकवणी घेते. पोरांना आधी दोरी ताणून दाखवते, मग शब्द सांगते. कोणी चुकलं तर बाकीच्यांना हसू देत नाही.

बर्डी
आमच्या स्टुडिओत फोटो पक्का करायच्या द्रावणाला सगळे ‘हायपो’च म्हणत. ते सोडियम थायोसल्फेट. त्याचं जुनं नाव हायपोसल्फाइट, म्हणून.

नंदनवन
कॉलेजच्या वादविवादात मी ‘हायपरबोल’ म्हणाले. परीक्षकांनी नंतर बाजूला बोलावून हळूच सांगितलं, हायपर्बली, चार तुकड्यांत: हाय-पर्-ब-ली. अर्थ अतिशयोक्ती. हायपरबोला मात्र भूमितीतला वक्र, मूळ एकच. त्यांनीच हिपक्रिट, म्हणजे ढोंगी, हाही शब्द सांगितला. उपसर्ग हायपोच, पण तिथे ‘हाय’ नाही, ‘हि’. ग्रीकात तो शब्द नटासाठी होता.

मानेवाडा, पुन्हा मी
सर, बाबांच्या मशीनच्या डब्यावर दादानं ‘पर म्हणजे वर’ लिहून चिकटवलंय. सिस्टर, आई आता फोनवर आधी आकडाच सांगते.